पट्टा गेला, तक्रार नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागलो, तेव्हा माणिकराव तिथे मॅनेजर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वंगणाचे डबे कुलपात ठेवायला सांगितले. वंगण, पितळी सामान, सरकीची पोती, काहीच जागेवर राहत नसे. आज पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्याविषयी चांगले लिहायचे, हे मला कळते. पण त्यांच्याइतका माझा जीव कोणी खाल्लेला नाही.

एका सकाळी पाहतो तो इंजिनाचा चामडी पट्टाच नाहीसा. त्याच्याशिवाय सरकी काढणारी यंत्रे फिरत नाहीत, आणि नवा पट्टा तेव्हा मुंबईहूनही मिळेना. चोराला काय, चपलांना उत्तम चामडे. बाहेर कळमनुरीकडून आलेल्या कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि गाडीवान आम्हाला शिव्या घालत होते.

पोलीस अमीन, म्हणजे त्या वेळचे फौजदार, आले. त्यांना तपास ठाऊक नव्हता, तांडा ठाऊक होता. गावाबाहेरच्या त्या लमाणांच्या तांड्यातले गडी आमच्याकडे हमाली करत. माणिकरावांनी नुसता संशय लिहून द्यायचा, की त्या गड्यांना नेऊन झोडपायचे, एवढीच पद्धत. मालकांनी बजावले, लिहून द्या, नाहीतर नोकरी सोडा. मी तर हात जोडले.

माणिकराव म्हणाले, "मी चोर पाहिला न्हाई. मग नाव काहून घेऊ?"

अमीन फणकारून गेले. विहिरीवरच्या जुन्या मोटांचे चामडे शिवून आम्ही पट्टा केला, तो सारखा निसटे. निम्म्या गाड्या नांदेडला वळल्या. तोही चोरीला जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी माणिकराव तो खांद्यावर टाकून घरी नेत. पट्ट्याला चोपडलेल्या एरंडेलाचा वास त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, हंगामभर घरात सोसला. हंगाम संपताच मालकांनी त्यांना खरोखरच काढले. जाताना ते मालकांना सांगून गेले, की कारकुनाने मला पुष्कळ समजावले होते, त्याला ठेवा. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

पट्टा कोणी नेला ते आजवर कळलेले नाही. तांड्यातलाच कोणी असेल, असे मी अजूनही त्यांच्या तोंडावर म्हणतो. ते शांतपणे म्हणतात, असेलही.

या लेखासाठी तांड्याचे म्हातारे नाईक रूपला यांना भेटलो. माणिकरावांविषयी काय लिहू, असे विचारले.

"त्या साली आमच्या तांड्यात कुनाला मार बसला न्हाई," ते म्हणाले. "तेवढं लिवा."

लिहिले. माणिकरावांनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी. माझे त्यांच्याशी भांडण अजून संपलेले नाही.