बोल्ट घट्ट लागला, पण पाइप आवळला नव्हता

ड्रायव्हर मित्रांनो, हे नीट वाचा, कारण चूक माझी आहे.

आज सकाळी लोह्याला आमच्या गॅरेजवर शिवाप्पा काका ट्रक घेऊन आले. ते अहमदपूरच्या मोंढ्यातून सोयाबीन भरतात. काल दुपारी चालवताना त्यांना डुलकी लागली आणि ट्रक बाभळीला धडकला. काका वाचले. शेजारी बसलेल्या काकूंचा हात मोडला.

"चार दिस झाले, डोकं लई दुखून राहिलं," काका म्हणाले. "मला वाटलं पित्त हाय."

मी गाडीखाली शिरलो. सायलेन्सरच्या पाइपच्या जोडावर काजळी होती. तिथून धूर गळून केबिनमध्ये जात होता; त्यानेच काकांचं डोकं दुखत होतं आणि डुलकीही लागली. तो जोड मागच्या आठवड्यात मीच आवळला होता.

जोडावरच्या जुन्या क्लॅम्पची, म्हणजे पाइप आवळणाऱ्या पट्टीची, दोन्ही टोकं एकमेकांना टेकली होती. टोकं टेकली की बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण पाइप आवळला जात नाही. तेव्हा टोकांमध्ये फट उरली का, ते मी बघितलंच नाही. "पक्कं झालं," म्हणालो.

नवा क्लॅम्प बसवला आणि काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून किती गाड्यांला असं केलास रे?"

मला आठवेना.

म्हणून इथं विचारतो. माझ्याकडून जोड आवळून घेतलेल्या प्रत्येकाने आजच गाडीखाली बघावं. क्लॅम्पच्या दोन टोकांमध्ये फट दिसते का? नसेल तर गाडी चालवू नका. कुठं आहात ते कळवा, मी तिथं येतो.