नरसय्याचा आवाज आणि यशपालचा मीटर

मिलिंदनगरात यशपालच्या घरी पाहुणा आला की त्याला बसायला खुर्ची मिळे, पण पाय ठेवायला जागा मिळेलच अशी खात्री नसे. खुर्चीखाली, दिवाणात, एवढंच काय, बायकोच्या साड्यांच्या कपाटातल्या खालच्या खणातसुद्धा वॉकमन भरलेले. एकूण त्रेसष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडांच्या मागे लागतात, हा गडी मंगळवार बाजारातल्या भंगारवाल्यांच्या मागे लागला. "एवढ्या पेट्या आणि ऐकायला कान दोनच," असं बायको म्हणायची. त्यावर तो हसायचा आणि चौसष्टावा शोधायला निघायचा.

लोक आपापले जुने वॉकमन त्याच्याकडे दुरुस्तीला आणत. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असो की बटण अडकलेलं, यशपाल नाही म्हणत नसे. फक्त त्याला एक खोड होती. त्याला सगळं बरोबर लागायचं, आणि बरोबर म्हणजे मोजून बरोबर. त्याच्याकडे एक चाचणीची कॅसेट होती, तिच्यात एकच लांबलचक शिट्टी भरलेली. ती वाजवायची आणि फोनवरच्या मीटरमध्ये शिट्टीच्या कंपनांचा आकडा बघायचा. तीन हजार आला की यंत्राचा वेग बरोबर. कमीजास्त असेल तर मोटरच्या भोकात बारीक पेचकस घालून आतला स्क्रू केसभर फिरवायचा, आणि जमलं की त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, म्हणजे तो पुन्हा हलायला नको. ते नेलपॉलिश बायकोचं, हे सांगायला नकोच.

गेल्या चैत्रात कुंभारीहून सुंदरम्मा आली. साठी उलटलेली, कामगारांच्या घरकुलात राहणारी बाई. पदरात गुंडाळून आणलेला रेकॉर्डिंगवाला वॉकमन तिनं टेबलावर ठेवला. आत एक कॅसेट होती. तिचा नवरा नरसय्या साखर पेठेत कापडाचा माग चालवायचा. त्यानं भिवंडीहून हे यंत्र आणलं आणि पहिल्याच दिवशी, चालतंय का बघायला म्हणून, माग चालू असतानाच आपला आवाज भरला. सात मिनिटं. नरसय्याला जाऊन बावीस वर्षं झाली. फोटो एकच आणि आवाज एवढाच. वर्षातून दोन-चार वेळा ती ऐकायची. चार वर्षांपूर्वी यंत्रानं मान टाकली, तेव्हापासून घर गप्प.

"दुसऱ्या कशात घालून ऐकलं नाही का, अक्का?" यशपालनं विचारलं.

"नको वाटलं की हो. टेप खाऊन टाकली तर? तुम्ही हेच नीट करून द्या, भाऊ."

यशपालनं जीव ओतून काम केलं. जुना पट्टा खरवडून काढला, नवा घातला, हेड पुसलं. शिट्टी लावली तर मीटर सत्तावीसशेच्या खाली. यंत्र भलतंच मंद चालत होतं. त्यानं स्क्रू फिरवला, तीन हजार आला, लाल थेंब पडला. बाजारातली एक गाण्याची कॅसेट घालून बघितली, ती झकास वाजली.

सुंदरम्मा न्यायला आली तेव्हा त्यानं तिची कॅसेट लावून तिला हेडफोन दिला. मागाची खटखट सुरू झाली आणि त्या खटखटीवर एक पुरुष तेलुगूत बोलायला लागला. सुंदरम्माचा चेहरा उतरला. तिनं कानावरचा हेडफोन काढून हातात धरला.

"हे कोण?" ती म्हणाली.

"तुमचेच मालक, अक्का. दुसरं कोण असणार?"

"हे नाहीत ते. त्यांचा आवाज भारी होता. हे पोरासारखं बोलतंय."

यशपालनं फोन पुढं करून मीटर दाखवला. यंत्र आधी मंद चालत होतं, म्हणून आवाज जाड येत होता, आता खरा आवाज येतोय, हे त्यानं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "बावीस वर्षं झाली, अक्का. माणूस विसरतं. टेप खोटं बोलत नाही."

 सुंदरम्मानं वॉकमन पदरात गुंडाळला आणि ती बस पकडायला गेली. यशपालला वाईट वाटलं, पण खरं ते खरं, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि पोटभर जेवला. मीटरवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला भूक चांगली लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वॉकमन घेऊन पुन्हा दारात.

"भाऊ, तुम्ही म्हणालात मी आवाज विसरले. असेल," ती बसायच्या आधीच बोलायला लागली. "पण मागाचा आवाज मी कशी विसरीन? पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या. हा माग लई पळतोय. असा माग पळाला तर दर मिनिटाला धागा तुटतो, माग बंद करून गाठ मारावी लागते. ह्यात सात मिनिटं धागा तुटत नाही. मग पळतोय कसा?"

यशपालनं सवयीनं फोन हातात घेतला. मीटर उघडायला बोट पुढं गेलं आणि तिथंच थांबलं.  यंत्र आता मंद झालं नव्हतं, ते आणलं त्या दिवसापासून मंद होतं. नरसय्याचा आवाज मंद वेगानं भरला गेला आणि मंद वेगानंच वाजत राहिला, म्हणून इतकी वर्षं तो हुबेहूब येत होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या. त्यातली एक यशपालनं दुरुस्त केली आणि वर त्या बाईला सांगितलं की तुलाच नवरा आठवत नाही. एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळू नये, याचाच त्याला धक्का बसला. 

त्यानं वॉकमनला छोटा स्पीकर जोडून कॅसेट लावली, नखानं लाल थेंब खरवडला आणि पेचकस घातला. सुंदरम्मानं डोळे मिटले. ती नवऱ्याच्या आवाजाकडं लक्षच देत नव्हती, माग ऐकत होती.

"अजून कमी. अजून. आता जास्त झालं, मागं घ्या. जरा... बस."

यशपालनं हात काढला. खटखट संथ झाली होती आणि तिच्यावर एक भरदार आवाज बोलत होता. त्या आवाजानं काहीतरी विचारलं असावं, कारण सुंदरम्मानं डोळे मिटूनच तेलुगूत उत्तर दिलं. टेप संपल्यावर तिनं डोळे उघडले.

"चहा झाला का, विचारतात," मग ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच यशपालला सोसेना. "दोन दिवस मला झोप नाही, भाऊ. वाटलं, मी कसली बायको. नवऱ्याचा आवाज विसरले."

यशपालनं तिचे पाय धरले. ती "अयो, असं करू नका" म्हणत मागं सरकली.

ती गेल्यावर त्याला एकदम मोहोळचा कोंडीबा आठवला. बाजारात भाजी विकणारा माणूस. वर्षभरापूर्वी असाच एक रेकॉर्डिंगवाला वॉकमन घेऊन आला होता. आत त्याची वारलेली आई बजाबाई हिच्या ओव्या होत्या, त्याच यंत्रावर भरलेल्या. दुरुस्त केल्यावर तोही म्हणाला होता, आवाज बारीक वाटतोय. त्यालाही यशपालनं हेच सांगितलं होतं, टेप खोटं बोलत नाही. आणि तो मुकाट्यानं घेऊन गेला होता.

यशपालनं फोन लावला. आपली चूक एका दमात सांगून टाकली. "कोंडीबा, ते यंत्र काढून ठेवा. मी स्वतः येतो मोहोळला. आईचा खरा आवाज आणून देतो."

पलीकडे बाजाराचा गलका होता.

"पयल्यांदा मला बी खटकलं व्हतं," कोंडीबा म्हणाला. "पर वरीसभर रोज ऐकतोय की. आता आई आठवली की ह्योच आवाज येतो. आदीचा कसा व्हता, त्यो आता ध्यानातच येत न्हाय. तुमी फिरवाल वो स्क्रू. पर बरोबर झालं म्हून वळखायला हाय कोण?"

यशपालनं टेबलावरचा पेचकस उचलला आणि परत ठेवला. कोंडीबानं दोनदा हॅलो हॅलो केलं, आणि लाईन गेली असं समजून फोन ठेवला.