एलजी आणि चार नंबर

सासऱ्यांच्या बंदुकीची काडतुसं ओळखायला मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शिकले. हौस म्हणून नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आधी ओसरीवर बंदूक साफ करतात, आणि तेव्हा चहा, जुन्या धोतराच्या चिंध्या, तेलाची बाटली हे सगळं सुनेनंच पुढं करायचं असतं. पुढं करता करता कानावर पडत गेलं. माझं माहेर रहाटणीचं. तिथली शेतं जाऊन सोसायट्या कधीच्या उभ्या राहिल्या, त्यामुळे कपाटात बंदूक असलेलं घर मला आधी सिनेमातलं वाटलं होतं.

गाव आमचं चाकणच्या कारखान्यांना खेटून. एका बाजूला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला डोंगराचा उतार आणि मध्ये आमचं उरलेलं तीन एकर. डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि बटाट्याचं वावर नांगरल्यासारखं उकरून जातात. म्हणून आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आणि दोननळी बंदूक. डुकरावर ती चालवायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे घडलं त्या हंगामात तो कागदही आमच्याकडे होता.

आबांना काडतुसांबद्दल बोलायला लागलं की वेळेचं भान राहायचं नाही. एलजी काडतुसात काबुली चण्याएवढे मोठे छर्रे असतात, थोडेच असतात, पण डुक्कर जागेवर बसतं. चार नंबरमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे, मूठभर. ते पाखरांसाठी. "चार नंबर डुकराला मारलं तर डुक्कर चिडतं आन् माणूस मरतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या वडिलांच्या काळात डोंगरात भेकरं मारायचे, आता ते नुसतं बोललं तरी तुरुंग, असं ते स्वतःच बजावायचे. एकदा एका पाहुण्यानं, आबा रायफल घ्या की, लांबचं मारता येईल, असं सुचवलं. आबा म्हणाले, "राव, रायफलीची गोळी डुकरातनं निघून कंपनीच्या कँटीनात जेवायला जाईल. इथं माणसंच माणसं हायती. बंदूकच बरी, तिचा मार थोडक्यात संपतो."

माणसंच माणसं आहेत, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर पुढचं मला इतकं लागलं.

त्या हंगामाच्या दोन वर्षं आधीपासून त्यांना दिसेनासं व्हायला लागलं होतं. मोतीबिंदू. ते कबूल करत नसत. चहात साखर दोनदा घालायची, दाराशी उभ्या असलेल्या जावयाला 'कोण पाहिजे' म्हणायचं, आणि वर हसायचं, गंमत केली म्हणून. ऑपरेशनचं नाव काढलं की हंगाम संपू दे. खरी गोष्ट अशी होती की डोळ्यांचं कागदावर आलं की परवाना जाईल, या भीतीनं ते दवाखान्याची पायरी चढत नव्हते. जमीन निम्मी गेली होती, बैल गेले होते, गावात त्यांना विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. बंदूक तेवढी होती.

काडतुसं सगळी एकाच बिस्किटाच्या डब्यात, नवीजुनी, वेगवेगळ्या नंबरांची सरमिसळ. कवचं सगळी लालच, लांबीरुंदीही तीच, फक्त वर नंबर छापलेला. पूर्वी आबा नुसती नजर टाकून काढायचे. मग एक दिवस डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "चष्मा घरात राह्यला. एलजी दोन काढून दे गं." चष्मा त्यांच्या खिशातच होता. मी काढून दिली. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं आणि आम्ही दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आमच्या मागच्या खोल्यांमध्ये भाडेकरू असतात. त्यातली एक परभणीची बाई, एका कंपनीत पॅकिंगला. सुटली की हायवेनं वळसा घालायच्या ऐवजी आमच्या वावरातल्या पायवाटेनं यायची आणि येता येता बटाट्यातला चाकवत खुडायची. खुड म्हणून मीच सांगितलं होतं. एका संध्याकाळी मी आबांना चहा घेऊन बांधावर गेले, तर त्यांनी बंदूक खांद्याला लावलेली. समोर सत्तर-ऐंशी पावलांवर काहीतरी काळं, वाकलेलं, हलत होतं. मी ओरडले. ते काळं उभं राहिलं आणि म्हणालं, "काय झालं हो ताई?"

माझ्या हातातला चहा सगळा साडीवर सांडला होता. आबा म्हणाले, "मला दिसलं व्हतं. नुसती नळी धरून बघत व्हतो." मी इतकी चिडले होते की काही बोलले असते तर भलतंच बोलले असते, म्हणून तशीच घरी निघून आले.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबांचा नेम कधी चुकलाय का? तू उगाच राईचा पर्वत करतेस." मला म्हणायचं होतं, नेम चुकत नाही याचीच तर भीती आहे. त्या बाईला सांगितलं, पायवाटेनं येऊ नकोस. ती म्हणाली, "ताई, हायवेनं लई लांब पडतंय. ट्रक अंगावर येतेत. पाच मिनिटाचं तर हाय." आबांना डॉक्टरकडे चला म्हटलं, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बंदूक काढून घ्यावी, पोलिसात कळवावं, असंही मनात आलं. पण सासऱ्याची तक्रार सुनेनं करायची, आणि मग त्याच घरात नांदायचं, एवढी छाती माझी नव्हती. ते मी आजही मान्य करते.

मग मी खोटं वाचायला लागले.

मी स्वतः कंपनीत क्वालिटीला आहे. माप केसभर इकडचं तिकडं लिहिलं तर नोकरी जाईल, असं काम. तिथून घरी यायचं, आबा डबा पुढं करणार, आणि मी त्यातून चार नंबरची दोन काडतुसं काढून त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणणार, "एलजी." ते म्हणणार, "दोन्ही?" "दोन्ही." बस्स, एवढंच. पण तेवढं मी दुपारपासून मनात घोकत असायचे. माझा हिशेब असा होता की बार झाला तर डुकरं आवाजानंच पळतात, आणि कुणा माणसाकडे गेलाच तर ज्वारीएवढ्या छर्ऱ्यानं निदान जीव तरी वाचेल. त्यांचं ते वाक्य मी विसरले होते असं नाही. डुक्कर चिडतं आन् माणूस मरतं. त्यातला माणूस म्हणजे आबाच, हे मला कळत होतं. कळत असूनही मी रोज निवड करत होते. ते परत येईपर्यंत ओसरीवर बसून लसूण सोलायचा. घरात इतका सोललेला लसूण साचला की नवरा म्हणाला, "काय, लसणाची कंपनी काढायची आहे का?"

तीन आठवडे काही झालं नाही. एकदा त्यांनी बार काढला, डुकरं पळाली, आणि मला वाटलं, जमतंय. हंगाम असाच निघून जाईल.

मग माझ्या सुट्टीचा दिवस आला. साडेपाचला त्यांनी डबा पुढं केला. मी "एलजी" म्हटलं. ते गेले. सहाच्या सुमाराला एक बार ऐकू आला आणि लगेच आबांची किंकाळी. मी अनवाणी पळाले. डुक्कर डोंगराकडे निघून गेलं होतं. आबा बांधाला टेकून पडले होते आणि मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. परभणीची बाई माझ्या आधी तिथं पोचली होती. तिनं आपली ओढणी काढून त्यांच्या मांडीला करकचून बांधली होती आणि दोन्ही हातांनी वरून दाबून धरलं होतं. आबा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "बसला व्हता बार. चांगला बसला व्हता. पडलं कसं न्हाई?"

शेजाऱ्याच्या पिकअपमधून त्यांना चाकणला नेलं. डॉक्टर म्हणाले, डुकराचा सुळा आणखी दोन बोटं आत गेला असता तर हातचे गेले असते. नवरा दवाखान्यात थांबला. मी घरी आले. दवाखान्यानं कळवल्यावर बंदूक पोलिसांनी संध्याकाळीच नेली होती. उद्या जबाब घ्यायला येतो, म्हणून सांगून गेले होते. माझ्या डोक्यात आलं की उजव्या नळीत रिकामं कवच तसंच आहे, आणि त्याच्यावर नंबर आहे. मी सांगितलं तर परवाना नसताना काडतुसाला हात लावला म्हणून मी अडकणार. नाही सांगितलं तर ज्यांनी जन्मभर बंदूक सांभाळली ते आबा वेडे ठरणार. आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती जी मला कुणी विचारणारच नव्हतं. मी त्यांना मरायला पाठवलं होतं.

सकाळी ती बाई दाराशी आली. हातात तिचं कंपनीचं जाडजूड जाकीट होतं. "ताई, ह्ये काय लागलं बघा की. काल गडबडीत ध्यान न्हाई राह्यलं." छातीपाशी दोन बारीक भोकं होती. मी शिवण उसवली. आतल्या कापसातून ज्वारीएवढे दोन छर्रे माझ्या हातावर पडले.

बार झाला तेव्हा ती डुकराच्या पलीकडे, आबांपासून पन्नास-साठ पावलांवर चाकवत खुडत वाकलेली होती.

मी काही बोलायच्या आत तीच घाईघाईनं म्हणाली, "पोलिसाला सांगत न्हाई मी. तुमी बी सांगू नका. खोली सोडा म्हनतील मग आमाला." मी तिला आत बसवलं आणि चहा ठेवला. तिच्या छातीवर बंदूक झाडली होती आमच्या घरातल्या माणसानं, आणि भीती तिला वाटत होती.

दहाला दवाखान्यात गेले. नवऱ्याला नाश्ता करायला खाली पाठवलं आणि आबांच्या तळहातावर ते दोन छर्रे ठेवले. त्यांनी ते बघितले नाहीत. अंगठ्यानं फिरवले.

"चार नंबर," ते म्हणाले. मग, "तू एलजी म्हनलीस."

"खोटं बोलले. रोजच बोलत होते."

मला वाटलं, आता ते मला बाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. ते म्हणाले, "मला सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

ते म्हणाले, "न्हाई." आणि मग, "ह्ये कुठं घावले?"

मी सांगितलं. जाकीट, छातीपाशी दोन भोकं, पन्नास-साठ पावलं. त्यांनी मूठ मिटली आणि तोंड भिंतीकडे केलं. पाठ हलत होती. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी हात लावला तर त्यांनी झटकला.

बाराला पोलीस आले. एक अधिकारी आणि एक लिहिणारा. पिशवीत ते लाल कवच होतं. अधिकाऱ्यानं ते वर धरलं. "आबा, एवढी वर्षं बंदूक वापरताय. रानडुकराला चार नंबर?"

मी पलंगाच्या बाजूला उभी होते. तोंड उघडलं, "साहेब, ते मी..." एवढंच निघालं. चादरीखालून आबांनी माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"मला दिसत न्हाई, सायब," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. डबा चाचपून काढलं, एलजी समजून घातलं. घरात कुनाला म्हाईत न्हाई. बंदूक जमाच राहू द्या. मला नगं परत."

लिहिणाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. नवरा दाराशी उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. मी गप्प बसले. खरं सांगायची वेळ तीच होती आणि मी गप्प बसले, हे मला कुणी विसरू देऊ नये.

सहीसाठी कागद पुढं आला. आबांना ओळ सापडेना. मी त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. तेव्हा मान माझ्याकडे वळवून, फक्त मला ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "ती बरी हाय नव्हं?"

"बरी आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. कुठं खरचटलंसुद्धा नाही."

मग त्यांनी सही केली. नाव अर्ध्यावरून ओळीच्या खाली घसरत गेलं.