पॉइंट चारचा रिपोर्ट

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. एएमएच, पॉइंट चार. बाईच्या अंगात बीजं किती उरलीत ते या आकड्यावरून कळतं, एवढं दोन वर्षांच्या आयव्हीएफनं मला शिकवलं होतं. मागच्या खेपेला पॉइंट नऊ होता, तेव्हाच डॉक्टर मॅडम "जरा कमी आहे" म्हणाल्या होत्या. आता फोनवर म्हणाल्या, "आणखी एकदा करून बघता येईल, पण फार आशा धरू नका. करायचं की थांबायचं, सोमवारपर्यंत ठरवा." मी "हो मॅडम" म्हटलं, रिपोर्टची प्रिंट काढली आणि उरलेल्या फायली संपवल्या. रडूबिडू काही आलं नाही. राग मात्र आला, तोही स्वतःच्याच अंगाचा.

घरी नवऱ्याला कागद दाखवला. भला माणूस आहे, पण वाईट बातमी आली की त्याला गच्चीवरची टाकी भरली का ते बघावंसं वाटतं. तो वर गेला आणि कागद फ्रिजवर राहिला.

आमच्या घरात फ्रिजवरचा रिपोर्ट म्हणजे सासूबाईंच्या साखरेचा. त्यांना मी आत्या म्हणते. माहेर-सासर दोन्ही मंगळवेढ्याचं, शाळा चौथीपर्यंत. पण दहा वर्षं साखर तपासून तपासून लॅबचा कागद त्यांना पाठ झालाय. आकडा शोधायचा, आणि तो जितका कमी तितकं चांगलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर घरभर गुळाचा वास. आत्या शेंगापोळ्या लाटत होत्या.

"पॉइंट चार की गं," त्या खुशीत म्हणाल्या. "माझी मेली कधी दीडशेच्या खाली उतरली न्हाय. मंगळवेढ्याला थोरलीला, बहिणीला, समद्यांना सांगितलं मी, सुनेचा रिपोर्ट लई चांगला आलाय."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, हसत हसत मी ओट्याला टेकले. मग म्हटलं, "आत्या, तो साखरेचा नाही. हा आकडा जास्त लागतो." आणि सगळं सांगितलं. बीजं, मॅडम काय म्हणाल्या ते, सोमवार. त्या गॅस बारीक करून ऐकत राहिल्या.

"म्हंजी व्हणारच न्हाय?"

"अगदीच नाही असं नाही. पण अवघड आहे."

"मग तुझ्या मनात काय हाय?"

"बघू. ह्यांच्याशी बोलून ठरवते," मी म्हटलं. मला विचारतंय कोण, असं वाटायचं, आणि विचारल्यावर मी ह्यांचं नाव पुढे केलं.

"तव्यावरची उलट," म्हणून त्यांनी हात पुसले आणि फोन घेतला. त्या बोलतात स्पीकरवरच. पलीकडे माझी थोरली जाऊ होती.

"सकाळी सांगितलं ते चुकलं माझं. मला कागद कळला न्हाय. रिपोर्ट वंगाळ हाय."

जाऊबाई लगेच सुरू झाल्या. जेऊरला कुणी औषध देतो, त्यांच्या चुलतबहिणीला गुण आला, रविवारीच घेऊन या.

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "आता तिला कुणी औषध सांगायचं न्हाय, फोनबी करायचा न्हाय. नातवंडाची हौस मला हाय, लई हाय, खोटं कशाला बोलू. पण सुया ती टोचून घेतीया. दोन वर्सं बघतीया मी. पोरगी दमलीया माझी."

फोन ठेवून त्या पुन्हा लाटायला बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन वर्षांत मला काय काय म्हणून झालं होतं. धीर धर, हट्ट सोडू नकोस, वजन कमी कर. दमलीस, हे कुणी म्हटलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी गॅस बंद केला.

"आत्या, मला थांबायचंय," मी म्हटलं, आणि मग रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा रडले.