अर्धवट घोंगडीची जप्ती

निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी ती घटना डोक्यातून जात नाही. जे मोठे गुन्हे उघड केले ते लोक विसरले, मीही विसरलो. लक्षात राहिली ती ही फजिती.

जाफराबादकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. टपालात एक निनावी अर्ज आला. एका गावातल्या शाळेच्या मॅडमनी जपानी सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी परदेशी अनुदान मिळवलं, पण गावात जपानी असं काहीच नाही, बायका नुसत्या घोंगड्या विणतात, असा मजकूर. निनावी अर्ज आला की आधी शांत बसावं, असं मी शिपायांना नेहमी शिकवायचो. त्या दिवशी 'परदेशी' हा शब्द वाचला आणि लगेच जीप काढली.

गावात पत्र्याच्या शेडमध्ये माग, मागावर अर्धी घोंगडी आणि शेजारी साठीची एक विणकर बाई. सगळे तिला आत्या म्हणत. मॅडमचा फोन बंद लागत होता. मी आत्याचीच चौकशी सुरू केली.

"जपानी काय शिकलात?"

"काहीच न्हाई. तीच शिकून राह्यली."

"ती कोण?"

"जपानची बाई. ही अर्धी तिनंच विणली."

"कुठाय ती?"

"ठेचा लई खाल्ला. मॅडम तिला घेऊन काल जालन्याच्या दवाखान्यात गेल्त्या. आल्या न्हाईत अजून."

पैसा जपानचा, शिकवणार आपण आणि शिकणार जपान, हे गणित मला सुटेना. जे सुटत नाही ते खोटं, असं मी ठरवून टाकलं. पंच बोलावले, पंचनामा लिहिला आणि हवालदाराला घोंगडी मागावरून कापायला सांगितली.

आत्या म्हणाली, "साहेब, परवा सोमवारी अनुदानवाले बघायला येणार हायेत. दोघींनी मिळून एक घोंगडी पुरी केली, तरच त्या पैशातून गावातल्या नव्या बायांचं माग शिकणं पुढं चालू राहतंय. कापू नका."

"तपासात अडथळा आणू नका," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडायचं.

घोंगडी कापून ठाण्यात आणली, तर ठाणे अंमलदारानं विचारलं, "साहेब, मुद्देमालावर गुन्हा नंबर काय टाकू?" गुन्हा दाखलच नव्हता. नुसत्या अर्जाच्या चौकशीत मी जप्ती करून बसलो होतो. त्यानं त्या गावाची फाइल काढली. त्यात एक कागद होता. जपानी पाहुणी मॅडमच्या घरी मुक्कामाला असल्याची लेखी माहिती, पासपोर्टच्या प्रतीसह, आठवड्यापूर्वीच ठाण्यात दिलेली. खाली सही माझीच.

घोंगडी घेऊन तसाच परत गेलो. तोवर मॅडम पाहुणीला घेऊन आल्या होत्या, पाहुणीचा चेहरा पार उतरलेला. मला बघताच ती कमरेतून वाकली आणि काहीतरी बोलली. मॅडमनी अर्थ सांगितला, "ती आजारी पडल्यामुळे पोलिसांना त्रास झाला, म्हणून माफी मागतेय."

माफी तर मी तयार करून नेली होती. गोंधळून मी सॅल्यूट केला. ती पुन्हा वाकली. मी पुन्हा सॅल्यूट केला. हे कुठवर चाललं असतं कोण जाणे.

आत्या म्हणाली, "मंग बसा आता. एकेक धागा बांधायचाय. टोकं बराबर धरा."

रविवारभर मी टोपी काढून मागापाशी बसलो. माझ्या गाठी आत्यानं तीनदा सोडल्या. "चोर बी असेच बांधता का साहेब? मंग पळतेतच."

सोमवारी अनुदानवाले आले तेव्हा घोंगडी पुरी झाली होती, मधोमध गाठींची ओळ. त्यांनी विचारलं तर आत्या म्हणाली, "हितं पोलीस आल्ते." त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. बायांचं प्रशिक्षण पुढं चालू राहिलं.

महिन्याभरानं मॅडमनी अहवालाची प्रत पाठवली. त्यात एक ओळ होती: 'स्थानिक पोलिसांचा प्रत्यक्ष सहभाग मोलाचा ठरला.' हे आभार की टोमणा, असं मी फोन करून विचारलं. "त्यात खोटं काही आहे का साहेब?" एवढंच त्या म्हणाल्या. तोच अहवाल जोडून मी अर्ज निकाली काढला.

सही करण्याआधी कागद वाचावा, हे या प्रकरणानं मला शिकवलं. पण जिच्या हातचं काम मी कापलं, तिनं उलट माझीच माफी का मागितली, याचा तपास मला अजून लागलेला नाही.