नसलेल्या घरांचं टपाल

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीतच सुटली, पण आमच्या गावात, धाकटी डहाणूत, घरोघरी केबल टीव्ही नेला तो मी, स्वतः खांबावर चढून. पुढे लेकीनं त्याच धंद्याचं इंटरनेट केलं. तलासरीहून मोठी लाईन आमच्या राउटरच्या डब्यात येते, तिथून घराघरांत जाते.

त्या दिवशी सकाळपासून नेट मेलं. शेजारच्या आगर गावची माणसं दारात येऊन बजावून गेली, संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर दुसऱ्याची लाईन घेणार. बहुतेक गिऱ्हाइकं तिथलीच, आगर गेलं की आमचा धंदाच गेला. मी म्हटलं, खाऱ्या वाऱ्यानं तारेचा जोड सडलाय. लेक नाही म्हणत होती. मी ऐकतो थोडाच! शिडी लावून एकेक जोड उघडला. सगळे चकचकीत.

खाली येऊन डबा बघितला आणि हबकलोच. गिऱ्हाइकांकडे ठणठणाट, अन् इथे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते.

"एवढं येतंय तरी कुणाचं?"

"कुणाचंच नाही, बाबा. आपल्याला नंबर, म्हणजे नेटवरचे पत्ते, मिळालेत पुष्कळ, घरं थोडी. बाहेरून कुणीतरी, आपण कुठल्याच घराला न दिलेल्या नंबरांना हाका मारतंय. तलासरीचा डबा म्हणतो, हे नंबर धाकटी डहाणूचे. आपल्याला ते घर सापडत नाही, म्हणून आपला डबा परत तलासरीला पाठवतो. तो पुन्हा आपल्याला. त्यातच लाईन भरलीय."

"मग?"

"डब्याला सांगायचं, आपल्या नंबरांतलं ज्याला घर नाही ते इथंच टाकून दे."

टाकून दे! दारात आलेलं टाकायचं?

"अगं, कुणाचा निरोप असला तर?"

"घरच नाही तर निरोप कुणाला? तुमचंही तसंच. दारात कुणी पत्ता विचारला की ठाऊक नसला तरी नाही म्हणायचं नाही, माणसाला पलीकडच्या वरोर गावाला धाडायचं. वरोरवाले त्याला परत इकडे धाडतात. तो बिचारा उन्हात फिरतोय!"

हसली वर. मी तोंड फिरवलं. तिनं कॉम्प्युटरवरून डब्याला एक ओळ लिहिली. दिवे निवले, आणि थोड्या वेळात आगरहून फोन आला, चालू झालं म्हणून. एका ओळीनं! माझी शिडी अजून खांबालाच टेकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोटारसायकलवाला कुणाचं तरी घर विचारत दारात थांबला. सवयीनं माझा हात वरोरकडे उठला. तो मी खाली घेतला.

"मला ठाऊक नाही," म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. आणि लेकीकडे न बघता शिडी आणायला गेलो.