लाल पाटी आणि घरचा माणूस

तुमच्या गावच्या सबस्टेशनात तुम्ही किती वेळा न विचारता शिरलात? खरं सांगा.

चाकूर तालुक्यातल्या असल्याच एका सबस्टेशनात मल्लिनाथ अकरा वर्षं ऑपरेटर होता. फाटकाला कुलूप, भिंतीवर नियम, टेबलावर नोंदवही, सगळं होतं. पण कुलूप खिळ्याला लटकायचं. कारण गावातले अण्णाराव वाटेल तेव्हा आत यायचे, आणि ते म्हणजे बायकोचे सख्खे मामा. त्यांना फाटकाबाहेर उभं करून सही मागायची? पुढच्या लग्नात पंगतीला कुणी बसवलं असतं का?

दुसरी खोड त्याहून वाईट. लोकांनी लाइटसाठी तगादा लावला की मल्लिनाथ खटक्यावर ‘लाइनवर माणसं आहेत’ ही लाल पाटी अडकवायचा. लाइनवर चिटपाखरू नसायचं. लोक मुकाट परतायचे. घरचा माणूस म्हणून अण्णारावांना तेवढं ठाऊक. "जावईबापू, लई बिलंदर हाव तुम्ही," म्हणून हसायचे.

त्या दुपारी पाटी खरी होती. लाइनमन सुदर्शन सप्लाय बंद करायला लावून खांबावर चढला होता. तेवढ्यात अण्णाराव आले. मल्लिनाथ त्यांच्यासाठी चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेला. परतला तर मामा खुर्चीत, पाटी टेबलावर.

"केली बगा चालू. हरभरा वाळून राहिला अन् तुमचं रोजचं नाटक."

मल्लिनाथनं धावत जाऊन खटका पाडला. सुदर्शन वाचला. उजवा हात गेला.

"कुलूप तुटलेलं होतं म्हणा. घरातली गोष्ट हाय," मामा म्हणाले. चौकशीत मल्लिनाथनं तेच लिहून दिलं.

मग तोंड दाखवायला लातूरच्या दवाखान्यात गेला. सुदर्शन डाव्या हातानं भात चिवडत होता.

"कुणी भाईरचा घुसला म्हणं. मी साऱ्यांला सांगितलं, मल्लिनाथचं नाव घेऊ नका. तो पाटी लावल्याबिगर ऱ्हात न्हाई."

मल्लिनाथला त्याच्याकडं बघवेना. तिथून उठला तो थेट चौकशीच्या साहेबांपुढं उभा राहिला. "कुलूप तुटलं नव्हतं. मी लावतच नव्हतो," म्हणाला. मामांचं नाव सांगितलं, खोट्या पाटीचंही सांगितलं.

निलंबन झालं. बायको बोलत नाही. सुदर्शनपुढं जायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.

मामांना शिव्या देऊन मोकळे होऊ नका. आपण सगळे कुणाचे तरी मामाच आहोत. उद्या ऑपरेटरनं फाटकावर अडवलं, तर ‘मला वळखत न्हाईस का’ म्हणू नका. बाहेरच थांबा.